न बोलावलेली इर्जिक

सेंदाई,
२७ ऑक्टोबर १९९३

प्रिय उदय,

माझ्या एवढ्याशा खोलीत आत्ता पाच-सहा छत्र्या उलट्या उघडून ठेवल्या आहेत आणि त्यांच्यामधून पाय उचलून टाकत मी या टेबलापर्यंत पोचले आहे. कुणी दारातून डोकावलं तर म्हणेल, बाईचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही रे, दमलेलं आहे. छत्र्यांचं काय ते पुढे येईल. आज मला फोनवर बोलायचं नाही, लिहायचंच आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. गप्प बस म्हणतोस असं नाही, पण 'इकडे सगळं झकास, तू तुझं बघ' असं म्हणून इतक्या चटकन रिसीव्हर तेजूच्या हातात देतोस की माझं बोलणं तोंडातच राहतं. तेव्हा आता चहा घेऊन बस आणि शांतपणे वाच. आणि आधी शेवटचं पान उलटून बघू नकोस, तुझी ती खोड मला चांगली माहीत आहे.

तुला वाटत असेल, एव्हाना माझी कापणी आटोपली असेल. गेल्या वर्षी ऑगस्ट सरता सरता सगळं बी पिशव्यांत भरून झालं होतं. यंदा पेरणीच लांबली, कारण मे महिन्यात चिखलामुळे रानात पाय ठेववत नव्हता. आणि मग उन्हाळा आलाच नाही. खरंच आला नाही, उदय. इथला पावसाळा जुलैत संपतो. यंदा हवामान खात्याने आधी संपला म्हणून सांगितलं आणि मग तेच म्हणाले की आमचं चुकलं, कधी संपला ते आम्हाला सांगता येत नाही. समुद्रावरून एक गार, ओला वारा येतो, त्याला इथले लोक यामासे म्हणतात. तो यंदा आला आणि चिकट पाहुण्यासारखा राहूनच गेला. ऑगस्टमध्ये मी स्वेटर घालून रानात जात होते. भाताचं तर पार वाटोळं झालं. लोंब्या भरल्या की वाकतात ना, त्या यंदा ताठ उभ्या, कारण आत दाणाच नाही. बाहेरच्या देशांतून तांदूळ आणावा लागणार म्हणून टीव्हीवर रोज चर्चा. दुकानात बायका तांदळाच्या पिशव्यांसमोर नुसत्या उभ्या राहतात.

माझ्या कॅनोलाचीही तीच गत, फक्त त्याची बातमी टीव्हीवर येत नाही. आई माझ्या पीएच.डी.ला अजून 'मोहरीचं शिक्षण' म्हणतात आणि त्यांचं तसं फार चुकत नाही. मोहरीच्याच कुळातलं ते. तशीच पिवळी फुलं, तसाच बारीक काळा दाणा, फक्त झणका नाही. थंड मुलखात कोणतं वाण वेळेत आणि एकसारखं पिकतं एवढा साधा माझा प्रश्न, पण त्यासाठी तीन वर्षं प्रत्येक ओळ वेगळी कापायची, वेगळी झोडायची, बी तोलायचं, तेल काढून बघायचं. दोन वर्षांचं काम हातात आहे. तिसऱ्या वर्षाचं मिळालं की प्रबंध पुरा आणि मार्चमध्ये मी घरी. तेजूला मी तसा शब्द दिला आहे. 'मी दुसरीत जाईन तेव्हा माझी आई घरी असेल' असं तिने वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय म्हणे. त्यामुळे यंदा खिडकीबाहेर पाऊस लागला की मला माझा मार्च महिनाच भिजताना दिसायचा.

मी यावं की नाही यावर तू आणि मी महिनोन्‌महिने नुसता घोळ घालत होतो, आठवतं ना? तेजू जेमतेम साडेतीन वर्षांची. शेवटी निकाल लावला तो आईंनी. कणीक मळता मळता म्हणाल्या की मोहरी तुझ्याकडे, पोरीची वेणीफणी माझ्याकडे आणि बाजारहाट याच्याकडे, आता चर्चा पुरे, पोळ्या लाटायच्या आहेत. या बाईंचं मला लग्न झाल्यापासून भय वाटत आलंय, त्या दिवसापासून प्रेमही वाटायला लागलं. आणि त्यांनी शब्द पाळला. त्यांची वेणी म्हणजे काय, तेजूला विचार. दोन्ही बाजूंनी अशी करकचून की पोरीचे डोळे वर ओढलेले, रिबिनीचं फूल कडक. पण संध्याकाळी शाळेतून येईपर्यंत एक केस सुटायचा नाही. तू पाठवलेल्या प्रत्येक फोटोत मी आधी ती वेणी बघते आणि घर जागच्या जागी आहे अशी माझी खात्री पटते.

माझं रान विद्यापीठात नाही, ते शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याच्या गावात आहे, हे मी तुला सांगितलेलंच आहे. आमच्या निशिवाकी सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या गाइडनी, ओइकावा नावाच्या म्हाताऱ्या जोडप्याकडून तो तुकडा तीन वर्षांसाठी मागून घेतला. ओइकावा आजी माझ्या खांद्याला लागते आणि आजोबा तर तिच्याही खांद्याला लागतील असे वाकलेले. मुलगा तिकडे टोकियोत. गावात सगळी अशीच पिकली पानं. पहिल्या वर्षी ती माझ्याकडे लांबून बघायची. दुसऱ्या वर्षी कुणीतरी बांधावर मुळे ठेवून जायला लागलं. मीही मग डब्यातून भजी नेऊन ठेवायला लागले. रिकामा डबा धुऊन, आत काहीतरी घालून परत यायचा. असा आमचा संसार, एकमेकांशी फारसं न बोलता.

यंदा सप्टेंबरात माझ्या लवकर पिकणाऱ्या ओळी एकदाच्या पिवळ्या पडल्या. कॅनोला पुरता वाळेपर्यंत उभा ठेवून चालत नाही, शेंगा तडकतात. अर्धवट पिवळा झाला की भल्या सकाळी, दव असतानाच कापायचा आणि पेंढ्या छपराखाली टांगायच्या. एक दिवस उघडीप मिळाली म्हणून मी विळा घेऊन एकटीच लागले, आणि मान वर करून बघते तर आजी, आजोबा आणि शेजारची चार म्हातारी माणसं आपापले विळे घेऊन ओळीत उभी! मी कुणाला बोलावलं नव्हतं. भाषेची बोंब होतीच, मी नको नको म्हणत राहिले आणि त्यांनी दुपारपर्यंत सगळं कापून दिलं. मागाहून सेन्सेईंनी सांगितलं की याला युई म्हणतात, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मी हसायलाच लागले. म्हटलं, अहो, ही तर आमची इर्जिक! कडेगावला माझ्या लहानपणी दादा इर्जिक घालायचे तेव्हा दहा घरची माणसं येऊन ज्वारी कापून द्यायची. मजुरी विचारली तर अपमान. त्यांना जेवायला गोडधोड घालायचं आणि त्यांची पाळी आली की आपण जायचं. तिथे आजारी आहे, पाहुणे आलेत, अशी सबब चालायची नाही. दादा तापाने फणफणलेले असताना दुसऱ्याच्या रानात गेलेले मी बघितले आहेत.

इर्जिक म्हटल्यावर जेवण आलंच. हरभऱ्याची डाळ इथे कुठली? मी इथल्या लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण घातलं आणि पोळ्या केल्या. काळसर दिसत होत्या, आई बघत्या तर कपाळाला हात लावत्या. पण तुला सांगते, या लोकांना गोड पुरण नवं नाही, त्यांच्या मिठायांत तेच असतं. आजोबांनी तीन खाल्ल्या आणि चौथी खिशात घातली. त्या दिवशी मला इथे आल्यापासून पहिल्यांदा परकं वाटलं नाही. मोहरीचं शिक्षण म्हणजे एवढंच असतं तर किती बरं होतं, असंही मनात येऊन गेलं.

मग ती किल्लारीच्या भूकंपाची बातमी. विसर्जनाच्या रात्री माणसं दमून झोपली ती उठलीच नाहीत. इथे टीव्हीवर दगडमातीचे ढिगारे बघून मी वेड्यासारखी फोन लावत होते आणि लागत नव्हता. ओइकावा आजी धावत रानात आली होती, नकाशावर तुझं गाव कुठे ते दाखव म्हणून. शेवटी फोन लागला तेव्हा तू म्हणालास की कराडला नुसती मांडणीवरची भांडी वाजली, सगळं झकास. आईंशी बोलते म्हटलं तर त्या आंघोळीला गेल्या होत्या. पुढच्या रविवारीही आंघोळीलाच गेल्या होत्या. आणि तेजू खुशीत सांगत होती की आता वेणी मुळीच दुखत नाही, कारण बाबा घालतात, एक वर जाते नि एक खाली येते, आणि बाई वर्गात हसतात. मीही हसले. म्हटलं, चला, नवऱ्याला एक नवी विद्या आली. इतकी हसले की फोनचं कार्ड संपलं.

ऑक्टोबर उजाडला तो रडतच. माझ्या उशिरा पिकणाऱ्या ओळी, ज्यांच्यावर प्रबंधाचा सगळा भार, त्या उभ्याच. एकाच झाडावर खालच्या शेंगा काळ्या, वरच्या हिरव्या, शेंड्याला फुलं, असा सगळा वेंधळा कारभार. कापावं तर निम्मं बी हिरवं, तेल हिरवट येणार. थांबावं तर खालच्या शेंगांतलं बी ओलाव्याने आतल्या आतच मोड काढायला लागलेलं. रोज पहिल्या बसने जायचं, चिखल तुडवायचा, चार शेंगा फोडून बघायच्या, एक दिवस कोरडा दे म्हणून ज्याला कुणाला म्हणायचं त्याला म्हणायचं आणि भिजून परत यायचं. लोकरीचे हातमोजे वाळेनात, बुटांतून बोटं बधिर. छपराखाली टांगलेल्या आधीच्या पेंढ्यांना बुरशी चढली, त्या मी खोलीत आणून हीटरपुढे उलटसुलट केल्या. केसांना, भाताला, अंथरुणाला, सगळ्याला तो कुबट वास. एक दिवस बसथांब्यावर मला रडू आलं, उदय. शेजारच्या बाईने रुमाल पुढे केला आणि दुसरीकडे बघत उभी राहिली.

आणि मग गेल्या आठवड्यात सांगितलं गेलं की दोन दिवस कोरडे जाणार, पाठोपाठ मोठा पाऊस. दोन दिवस, दोन सकाळी. मला तेवढ्याच हव्या होत्या. प्रयोगशाळेतली बाकीची मंडळी विद्यापीठाच्या भातामागे लागलेली, म्हणजे मी एकटी. पण दोन्ही सकाळी दवात कापलं असतं तर झालं असतं. उन्हं वर येईपर्यंत ओळी संपवायच्या, कारण इतकं भिजलेलं पीक एकदम वाळलं की शेंगा फाटाफट उघडतात. सगळा हिशेब पक्का करून मी विळ्याला धार लावून गावात उतरले. धुकं होतं. आणि वरच्या चढावर मला ओइकावा आजी दिसली, पाठीवर दोऱ्यांचं भेंडोळं घेऊन एकटी वर चाललेली.

त्यांची खालची सगळी खाचरं पोचट निघाली होती, ती त्यांनी कापलीही नव्हती. पण सगळ्यात वर, दक्षिणेकडे तोंड करून एक लहानसा तुकडा आहे, तिथे तेवढा दाणा भरला होता. तेच त्यांचं वर्षाचं खाणं आणि तेच पुढच्या सालचं बियाणं. तोही उभ्याउभ्या मोडावर आलेला. आजोबा कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली, जरा सर्दी झाली आहे, झोपलेत. शेजारचे? त्यांचंही वर असंच थोडंथोडं उरलेलं, त्यांनाही हेच दोन दिवस. मला कुणी बोलावलं नाही. वाकून नमस्कार करून आजी म्हणाली की आज तुझी परीक्षा आहे, नीट काप. आणि गेली वर.

मी विळा घेऊन माझ्या ओळीपाशी गेले. एक मूठ धरली, कापलीही. पण दादांचा आवाज कानात बसलेला, त्याला काय करू? मी बाहेरची, माझी परीक्षा, मला सूट दिली होती त्या लोकांनी, न सांगता, मोठ्या मनाने. ती सूट घेतली असती तर कुणी एका शब्दाने बोललं नसतं. नेमकं तेच मला सोसेना. सप्टेंबरात ही माणसं मला न विचारता माझ्या रानात उभी राहिली, आणि आता ती म्हातारी पाठीवर दोऱ्या घेऊन एकटी चढतेय, आणि मी खाली वाकून तेलाचे आकडे गोळा करणार? मला स्वतःचाच इतका राग आला की मी विळा उचलला आणि चढाला लागले. तू म्हणशील, हात दाखवून अवलक्षण. म्हण.

दोन्ही दिवस आम्ही दोघी त्या तुकड्यात होतो. ती कापायची, मी पेंढ्या बांधायची, मग बांधावरच्या खांबांवर त्या एकावर एक रचत जायच्या. दुपारी पाणी आणायला म्हणून तिच्या घरी गेले तेव्हा कळलं की सर्दी-बिर्दी काही नाही. आजोबा चिखलात घसरून पडले होते आणि त्यांना कमरेतून हलता येत नव्हतं. कधीपासून, तर दोन आठवडे. गावात कुणाला पत्ता नाही. आजी सगळ्यांना सर्दीच सांगत होती, कारण सगळ्यांच्याच मानेवर जोखड, त्यात आपलं आणखी कशाला. मला असा संताप आला! मोडक्यातोडक्या जपानीत मी तिला बोलून घेतलं, की सांगितलं नाही तर माणसाला कळणार कसं? ती नुसती हसली आणि मला लोणच्याचा मुळा दिला.

परत वर येऊन पेंढ्या बांधायला लागले. इथे पेंढी बांधायला काड्याच घेतात, त्यांना पीळ देत देत गुंडाळायचं. माझ्या हाताला ते नीट जमेना. एक बाजू वर जायची, एक खाली. आणि हातात तो वाकडा पीळ धरून मी जागच्या जागी थांबले. आजोबांना सर्दी झाली आहे. आई आंघोळीला गेल्या आहेत. वेणी आता बाबा घालतात. उदय, मी बांधावर बसलेच. आजीला वाटलं, मला ऊन लागलं. त्या दिवसाचं ऊन ते, लागण्यासारखं कुठलं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची पेंढी चढली आणि मी खाली माझ्या रानात आले. वारा सुटला होता, कोरडा. आणि मला लांबूनच ऐकू आलं. आपल्याकडे फोडणीत मोहरी तडतडते ना, तसं सगळं रान हळूहळू तडतडत होतं. महिनाभर ज्या उन्हासाठी मी जीव टाकला त्याच उन्हाने शेंगा उघडत होत्या आणि काळे दाणे चिखलात पडत होते. मी बघत उभी राहिले. रडू आलं नाही, एवढी दमले होते. मग काय सुचलं कोण जाणे, छत्री उघडली, उलटी करून झाडाखाली धरली आणि झाड आत वाकवून झटकलं. दाणे छत्रीत पडले. एक झाड, दुसरं झाड. मागे चाहूल लागली म्हणून बघते तर आजी छत्री घेऊन आलेली. मग शेजारची दोघं, मग आणखी कुणी, सगळ्यांच्या छत्र्या उलट्या. कोणती ओळ कोणती हे मी काठ्यांवरचे क्रमांक बघून ओरडायची आणि ती माणसं, दिवसभर आपली रानं कापून कंबर मोडलेली, एका छत्रीत एकाच ओळीचं बी घेत तिकडे सरकायची. अंधारून पाऊस आला तेव्हाच थांबलो, आणि पावसात सहा माणसं उलट्या छत्र्या पोटाशी धरून डोकी भिजवत घरी गेली.

त्याच या छत्र्या, बियांसकट सगळ्यांकडून गोळा करून मी इथे आणलेल्या. शिवणींत, काड्यांच्या खोबणीत दाणे अडकलेत ते वाळले की चिमट्याने काढते आहे. सेन्सेईंना सगळं सांगितलं. ते म्हणाले की तोलायला हे बी निरुपयोगी, किती सांडलं कोण सांगणार. तिसरं वर्ष गेलं. पण पेरायला पुरेल, प्रत्येक ओळीचं थोडंथोडं आहे. मेमध्ये पुन्हा पेर, मी मुदत वाढवून घेतो, आणि तोवर बी आपल्या शीतघरात राहील. रागावले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणजे बघ, मार्चमध्ये पदवी नाही, आणि मार्चमध्ये पदवी घेऊन येणारी तेजूची आईही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. खरं सांगू, मला पश्चात्ताप झालेला नाही. नुसता थकवा आहे, हाडांत शिरलेला, झोपून उठलं तरी न जाणारा.

परवा मी तुला फोन केला नाही. रेखावन्संना केला, पुण्याला. पहिल्यांदा त्यांनीही तुझीच टेप लावली, सगळं छान म्हणून. मी म्हटलं, वन्सं, तेजूची वेणी वाकडी का? त्यावर त्या जे रडायला लागल्या त्या थांबेचनात. ऑगस्टपासून, उदय! ऑगस्टमध्ये आईंची उजवी बाजू गेली आणि आज ऑक्टोबर संपत आला. सकाळी आईंचं सगळं आवरून, तेजूचा डबा भरून, तिची वेणी घालून तू शाळेत दहावीच्या पोरांना भूमिती शिकवायला जातोस, आणि तिसऱ्याच तासाला धावत घरी येऊन आईंना पेज भरवून परत जातोस. आणि सगळ्यांना शपथा घातल्यास की सुमेधाची कापणी होईपर्यंत तिला कळता कामा नये. तेजूलासुद्धा घातलीस, पण बिचारीला वेणीबद्दल बोलायचं नाही हे सांगायचं तू विसरलास. तुझा मला भयंकर राग आलाय. दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडते आहे. मी तिथे असते तर काय केलं असतं, माझं वर्ष गेलं असतं, हे सगळं तू म्हणशील, आणि ते तू कशासाठी केलंस हे मला समजतं, म्हणून तर राग आणखीच येतो. परक्या म्हातारीच्या दारात उभी राहून मी तिला 'सांगितलं नाही तर कळणार कसं' म्हणून झापत होते, आणि माझ्या स्वतःच्या घरात माझा नवरा पाठीवर दोऱ्या घेऊन एकटा चढ चढत होता.

तेव्हा आता ऐक. मी येऊ का असं विचारायला हे पत्र नाही, मी निघाले आहे हे सांगायला आहे. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा माझी बॅग भरलेली असेल, दिवाळीच्या आधी मी कराडच्या स्टँडवर उतरते. नको येऊस म्हणून फोन करू नकोस, तिकीट झालं आहे. बी शीतघरात राहील, रानावर आता बर्फच पडणार, त्याला मेपर्यंत माझी गरज नाही. तीन वर्षं तू नि आईंनी माझ्या रानात राबून दिलंत, आता माझी पाळी. आणि मेमध्ये पुन्हा तुझी. तुझ्या शाळेला सुट्टी लागली की तेजूला घेऊन माझ्यासोबत पेरणीला यायचं. वन्सं तेव्हा आईंजवळ राहायला येताहेत, मी त्यांच्याकडून तसं वदवून घेतलं आहे. ओइकावा आजीने वरची खोली झाडून ठेवते म्हटलंय, आणि आजोबा आता उठून बसतात, त्यांना पुरणपोळी हवी आहे. आईंना सांग की वेणीफणी आता माझ्याकडे, पण करकचून कशी घालायची ते त्यांनी पलंगावरून शिकवायचं आहे. बोलणं अजून नीट उमटत नाही म्हणतात वन्सं, पण मला रागवायला त्यांना कधी शब्द लागले होते? तू स्टँडवर घ्यायला ये. आणि कृपा करून तिथे मला 'सगळं झकास' म्हणू नकोस. दमलोय म्हण. मीही दमले आहे. दोघं एका घरात दमू या.

तुझीच, आणि यावेळी न बोलावता येणारी,
सुमेधा